अळवावरची बाळंतीण

बोरिवली पूर्वेला नॅशनल पार्कच्या भिंतीला टेकून जी कुलुपवाडी आहे, तिथल्या बायका शेवंती पालवांच्या नजरेला जरा वचकून असत. एखादी नवी नवरी भाजीची पिशवी घेऊन समोरून आली, की शेवंती तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची आणि सहज म्हणायची, "जिना सावकाश उतर हं आता." नवरी गोंधळायची, घरी जाऊन हसायची आणि काही दिवसांनी पेढे घेऊन दारात उभी राहायची. तिची बातमी तिला कळायच्या आधी शेवंतीला कळलेली असायची.

ह्यात जादूटोणा नव्हता. स्टेशनाजवळच्या एका प्रसूतिगृहात शेवंतीने आया म्हणून उभं आयुष्य काढलं होतं. कुडाळकडच्या गावातून लग्न होऊन आली तेव्हा तिला लिफ्टमध्ये एकटीने जायची भीती वाटायची. पण कामाच्या पहिल्याच पाळीत कळांनी कासावीस झालेल्या एका बाईने तिचं मनगट असं आवळून धरलं, की बांगड्या फुटून काचा हातात घुसल्या. शेवंतीने हात सोडवून घेतला नाही. मूल झालं, रडलं, आईच्या कुशीत गेलं, मग हिने नळाखाली हात धरला. डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं आणि तिला कायम केलं. पुढे पोटाचा आकार, चालण्यातला झोक, कातडीवरची तकाकी, डोळ्यांखालची सावली, एवढ्यावरून ती सांगायला लागली: ही आज सुटते, हिला अजून वेळ आहे, हिला मात्र आत्ताच्या आत्ता मोठ्या बाईंना दाखवा. बहुतेक वेळा तिचं बरोबर निघायचं. तिसऱ्या वाक्याच्या वेळी तर नेहमीच.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी संप पुकारला म्हणून तिने काम सोडलं. आणि ह्या श्रावणात तिची मुलगी श्रुतिका सातव्या महिन्यात मुलुंडच्या सासरहून माहेरी आली, तेव्हा ह्या शूर बाईची पार गाळण उडाली.

श्रुतिकाचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्याला आता दोन वर्षं झाली, पण शेवंतीच्या घरात तो विषय अजून दबक्या पावलांनीच फिरत असे. ह्या खेपेला सगळं ठीक होतं. सोनोग्राफी ठीक, रक्त ठीक, वजन ठीक. डॉक्टर म्हणत होते, काळजी करू नका. डॉक्टरांनी काळजी करू नका असं किती जणींना सांगितलेलं शेवंतीने ऐकलं होतं, आणि त्यातल्या कुणाकुणाचं पुढे काय झालं हेही तिला माहीत होतं. अज्ञानी आईला एकच काळजी असते. शेवंतीकडे काळज्यांचं आख्खं कपाट होतं.

श्रुतिकाने आल्या आल्या विचारलं, "आई, आमचे हॉस्पिटलवाले बाळंतपणाच्या वेळी घरच्या एका माणसाला आत येऊ देतात. तुझ्या जावयाला, हर्षदला, सुई बघितली तरी घेरी येते. तू येशील ना?"

"बघू," शेवंती म्हणाली.

श्रुतिकाने पुन्हा दोनदा विचारलं. दोन्ही वेळा "बघू."

खरं कारण शेवंतीने कुणाला सांगितलं नव्हतं. आत काही वाकडं होऊ लागलं, तर ते डॉक्टरांच्या आधी तिला दिसणार होतं. आणि तिच्या तोंडाकडे बघून श्रुतिकाला कळणार होतं. परक्या बाईसमोर चेहरा दगडाचा करता येतो. लेकीसमोर कसा करायचा?

अशा त्या दिवसांत अळवाचं प्रकरण उपटलं.

इमारतीच्या मागे पाण्याची टाकी होती. ती रोज भरून वाहायची आणि ते पाणी भिंतीकडे जायचं. त्या ओलीवर शेवंतीने गावाहून आणलेले अळवाचे कांदे लावले होते. श्रावणात पानं सुपाएवढी व्हायची. श्रुतिकाला सगळ्या खाण्याचा कंटाळा आला होता. हवं होतं ते फक्त आईच्या हातचं अळूचं फदफदं, चिंच-गूळ घालून, वर शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप. डोहाळजेवणाला तेच मुख्य असणार हे ठरलेलं होतं. आणि नेमक्या त्याच अळवावर अळ्या पडल्या. बोटाएवढ्या जाड, हिरव्या, शेपटीवर शिंग, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके. एकेक पान संध्याकाळपर्यंत नुसत्या शिरांवर यायचं.

"अगो, माझी चप्पल आण," शेवंतीचा नवरा दशरथ लुंगी खोचत म्हणाला. "ह्येंका आता दाखवतंय."

"खबरदार!" शेवंती टाकीआडून कडाडली. "घरात पोरगी पोटुशी असा, आणि तुमी जीव मारतलात?"

पोटुशी बाई घरात असताना साधं झुरळही मारायचं नाही, ही तिच्या गावची रीत. दशरथला ती माहीत होती, पण अळूही त्याला प्रिय होतं.

"मगे काय, ह्येंका वाढून घालूया? डोहाळजेवण श्रुतीचा की ह्येंचा?"

शेवंतीने त्यातून मार्ग काढला. पापड भाजायचा चिमटा आणि बिस्किटांचा जुना डबा घेऊन ती रोज सकाळी एकेक अळी उचलायची आणि भिंतीवरून पार्काच्या झाडीत सोडून द्यायची. दशरथ म्हणायचा, बिबट्याला न्याहारी पाठवतेय. अळ्या कमी झाल्या नाहीत, पण मारल्याचं पाप लागलं नाही आणि थोडं अळू उरलं.

एके सकाळी चिमटा एका अळीपाशी थांबला.

ती इतरांसारखी नव्हती. इतर अळ्या चिमटा लागला की वळवळायच्या. ही पानाच्या देठाला धरून मुकाट बसली होती. रंग फिका पडलेला. अंग फुगून तटतटलेलं, कातडी ताणून चकाकणारी. समोर कोवळं पान असून तोंड लावत नव्हती. मधूनच तिच्या कुशीत काहीतरी हलायचं. आतून, हळूच, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे.

शेवंतीने चिमटा खाली ठेवला. ही चाल, ही तकाकी, हे अन्नावरचं मन उडणं तिने जन्मभर पाहिलं होतं.

"अहो," ती दशरथला म्हणाली, "ही गरोदर असा. भरत इलेली असा."

दशरथ हसता हसता टाकीच्या कठड्यावर बसला. "अळयेक दिवस गेले? आणि घोव खंय हिचो?"

"हसू नकात. पोट माका कळता."

तिने पान देठासकट कापलं, अळीसह लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवलं, तोंडाला मलमलचं फडकं बांधलं आणि बरणी मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर सावलीत ठेवली. आणि फडक्याची गाठ मारता मारता तिच्या मनात तो विचार आला.

त्यांच्या गावी कुणाला काही ठरवता आलं नाही, की देवळात कौल लावतात. देवीच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. शेवंतीला गावी जाणं शक्य नव्हतं. तिने बरणीसमोर हात जोडले आणि मनातल्या मनात म्हटलं, आई भवानी, ही नीट सुटली, तर माझी श्रुतीही नीट सुटणार. मग मी आत जाईन. आणि हिचं काही वाईट झालं, तर मी आत पाय ठेवणार नाही. मला बघायचं नाही.

कौल लावून झाला. आता मागे घेता येत नव्हता.

त्यानंतर घरात दोन बाळंतिणींची बडदास्त सुरू झाली. श्रुतिकाला खारीक-खोबरं, बरणीला ताजं पान. बरणी उन्हात येऊ नये म्हणून सुपाचा आडोसा. श्रुतिका म्हणायची, "आई, तू त्या बरणीत सारखी काय बघतेस?" शेवंती म्हणायची, "लोणचं." श्रुतिका भांडायच्या अवस्थेत नव्हती, म्हणून तिने सोडून दिलं.

आणि मग ती सकाळ आली.

शेवंती चहाचं आधण ठेवून खिडकीशी गेली आणि जागच्या जागी थिजली. अळीच्या कुशीला बारीक काळपट टिंब दिसत होतं. बघता बघता ते टिंब फुगलं, फुटलं, आणि तिथून एक पांढुरका इवलासा जीव डोकं बाहेर काढून डुलायला लागला. तांदळाच्या कणीएवढा! शेजारी दुसरं टिंब. तिसरं. पलीकडच्या कुशीला आणखी. डावीकडून, उजवीकडून, दाटीवाटीने, एकामागून एक डोकी वर येत होती, पुढेमागे झुलत झुलत बाहेर सरकत होती. शेवंतीने इतकी बाळंतपणं पाहिली, जुळी पाहिली, एकदा तिळी पाहिली, पण हे असलं? हिच्या तर अंगभर बाळं!

"अहो! श्रुती! या गो सगळी! सुटली, सुटली!"

दशरथ तोंडात ब्रश धरून धावत आला. बरणीत पाहिलं आणि फेस गिळला. "आयशप्पत," तो म्हणाला.

त्यातला एकेक जीव आता अळीच्याच पाठीवर उभा राहून तोंडातून धागा काढत होता. डोकं इकडून तिकडे, तिकडून इकडे, जणू स्वतःच स्वतःचं लंगोट विणत होता. थोड्या वेळात अळीच्या पाठीवर पांढऱ्याशुभ्र कोषांची रांगच उभी राहिली. कुणीतरी मूठभर आंबेमोहोर उभा करून चिकटवावा तशी. आणि अळी जिवंत होती! डोकं हलवत होती!

शेवंतीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आधण उकळून उकळून आटलं. तिने साखरेचा डबा उचलला आणि जिना चढून ती शेजारणींकडे गेली. गुडघ्यांचं दुखणं त्या दिवशी कुठे गेलं होतं कोण जाणे.

"घे, तोंड गोड कर."

"श्रुतिकाची? इतक्यात?" पहिल्या मजल्यावरची शकु दचकली.

"श्रुतिकाची नाही गं. अळीची."

शकुने साखर हातात घेतली, पण तोंडात टाकावी की नाही ह्या विचारात ती दारातच उभी राहिली.

वरच्या मजल्यावर मीरा सोनवणे राहायची. मूळ जालन्याकडचं बौद्ध कुटुंब, पण मीराचा जन्म बोरिवलीचाच. कांदिवलीच्या एका कॉलेजात ती जीवशास्त्र शिकवायची. तिने साखर तोंडात टाकली, सगळी हकीकत ऐकली आणि विचारलं, "मावशी, पांढरे कोष? पाठीवर? उभे?" आणि उत्तराची वाट न बघता ती आपलं भिंग घेऊन शेवंतीच्या पुढेच जिना उतरली.

बरणीत डोकावून मीराने दोन्ही हात डोक्याला लावले. "मावशी! अहो काय मिळालंय तुम्हाला! मी दरवर्षी मुलांना फळ्यावर चित्र काढून शिकवते. डोळ्यांनी आज पहिल्यांदा बघतेय!"

"बघ ना," शेवंती हरखून म्हणाली. "एकीला किती झाली!"

मीराने भिंग खाली केलं. मग म्हणाली, "मावशी, ही तिची मुलं नाहीत."

"म्हणजे?"

"अळीला मुलं होतच नाहीत. अळी म्हणजे पतंगाचं लहानपण. ती स्वतःच अजून बाळ आहे. एक बारीकशी माशी असते, गांधीलमाशीच्या कुळातली—"

"डसते?" शेवंती ताबडतोब खिडकी आणि श्रुतिकाची खोली ह्यांच्या मध्ये उभी राहिली.

"माणसाला नाही डसत, डासापेक्षा लहान असते ती. अळी कोवळी असते तेव्हा ती तिच्या अंगावर बसते, सुईसारखी नळी टोचते आणि आत अंडी सोडते. अंडी आतच फुटतात. पिल्लं अळीच्या रक्तात पोहतात, तेच पितात. अळी बाहेरून खात असते, आणि खाल्लेलं सगळं ह्यांच्या घशात. काळजाला, आतड्याला मात्र ती तोंड लावत नाहीत. कारण अळी मेली तर त्यांचंही संपलं. वाढ पुरी झाली, की कातडी कुरतडून बाहेर. हे आज सकाळी तुम्ही बघितलंत ते."

"आणि अळी?"

"आता काही खाणार नाही ती. थोडे दिवस बसून राहील. मग मरेल."

शेवंतीच्या हातातला साखरेचा डबा कलंडला. दशरथने तो धरला. आतून पोखरून खाणारी बाळं. मरायला टेकलेली आई. आणि ह्याच जिवावर तिने लेकीचं नाव घेऊन कौल लावला होता! तिच्या तोंडाचा रंग उडाला. ती एवढंच म्हणाली, "हळू बोल. श्रुतीच्या कानावर हे जाता कामा नये."

"गेलं कानावर," दारातून श्रुतिका म्हणाली. पोटावर हात ठेवून ती केव्हापासून उभी होती कुणास ठाऊक. "मीरा, ते भिंग दे इकडे."

"तू आत जा!" शेवंती किंचाळली. "पोटुशीने असलं बघायचं नसतं!"

"आई, सरक."

"श्रुती, मी सांगतेय—"

"अगं पण का?"

"कारण मी कौल लावलाय हिच्यावर!"

बोलून गेली आणि तिने तोंडावर हात ठेवला. मग सगळंच बाहेर आलं, आत जायचं की नाही ते, अळी नीट सुटली तर काय आणि नाही तर काय ते. दशरथ साखरेच्या डब्याचं झाकण लावत राहिला. मीरा जायला निघाली तर श्रुतिकाने तिचा दंड धरून ठेवला.

"माझं बाळंतपण तू एका अळीवर लावलंस?" श्रुतिकाचा आवाज चढला. "बघू, बघू म्हणत होतीस, मला वाटलं तुझे गुडघे दुखतात. मी रोज रात्री उशीत तोंड खुपसून रडते, आई. ते तुला दिसत नाही, आणि अळीची तकाकी दिसते!"

मग श्रुतिकाने स्टूल ओढलं, त्यावर बसली आणि भिंग बरणीला लावलं. रागानेच लावलं होतं. पण पाच मिनिटांत तिचा राग कुठल्या कुठे गेला.

"ए मीरा, हा बघ, अजून एक विणतोय! अगं, पण हिचं अंग हे सहन कसं करतं? परकं काही आत शिरलं की शरीर लढतं ना?"

"लढतं की! रक्तातल्या पेशी अंड्याला घेराव घालून गुदमरवून टाकतात. पण माशी पक्की असते. अंड्यांबरोबर ती एक विषाणूही सोडते, तो त्या पेशींनाच लुळं करतो."

"म्हणजे वॉचमनला आधी चहा पाजला आणि मग आत शिरले," दशरथ म्हणाला.

"एकदम बरोबर, काका!"

श्रुतिका खळखळून हसली. माहेरी आल्यापासून पहिल्यांदा. त्या हसण्याने शेवंतीने मान वर केली. ती कोपऱ्यात पाटावर बसली होती. तिच्या मनात सकाळपासून एक गोष्ट टोचत होती. आनंदाच्या भरात तिने ती मागे ढकलली होती. आता ती उठून बरणीपाशी आली.

"मीरा," ती हळूच म्हणाली, "वार कुठे गेली?"

"काय?"

"वार गं. बाळाच्या मागून पडते ती. मी सकाळी पानावर शोधली. दिसली नाही. आणि रक्ताचा थेंबसुद्धा नाही. एवढी बाहेर आली आणि रक्त नाही, असं कसं?"

"ती बाहेर पडताना कात टाकतात. त्या कातेचंच बूच त्या भोकात बसतं. म्हणून वाहत नाही."

"आणि नाळ?"

"नाळ कुठून असणार, मावशी? हिचं आणि त्यांचं नातंच नाही."

शेवंतीने डोळे बारीक करून अळीकडे पाहिलं. प्रसूतिगृहात एखादीचं पोट तपासून निकाल सांगायच्या आधी ती असंच बघायची.

"नाळ नाही," ती स्वतःशी म्हणाली. "वार नाही." मग मोठ्याने: "अगं, पोटातलं पोर आईकडून घेतं ते नाळेतून घेतं! आईचं अंग ठरवतं काय द्यायचं आणि किती द्यायचं. वार दोघांची असते, अर्धी आईची, अर्धी बाळाची. मी हजारदा हातात धरलीय, ताटात पसरून बघितलीय, पुरी पडली का म्हणून. इथे काहीच नाही! दार फोडून आत शिरले, होतं नव्हतं ते गिळलं आणि भिंत फोडून बाहेर पडले. हे काय बाळंतपण झालं? हे तर भाडं न देणारे भाडेकरू! श्रुती, अगं मी बाळंतपणाचा कौल मागितला आणि हे बाळंतपणच नव्हे! पाकळी पडलीच नाही, ना उजवी, ना डावी. कौल लागलाच नाही गं माझा!"

तिचं तोंड फुललं होतं. इतकी वर्षं पोटं वाचणारी बाई आज सपशेल चुकली होती, आणि चुकल्याचा असा आनंद तिला आयुष्यात कधी झाला नव्हता.

"म्हणजे तुझं निदान चुकलं," श्रुतिका म्हणाली.

"साफ चुकलं!"

"कबूल?"

"शंभर वेळा कबूल! आता सरक जरा, मला भिंगातून बघू दे."

त्यानंतर बरणी खिडकीतून थेट बैठकीच्या खोलीत आली. मायलेकी तासन्‌तास तिच्यापुढे बसू लागल्या. एकदा फडक्यातून एक मुंगी आत गेली आणि कोषांकडे निघाली, तेव्हा मरायला टेकलेल्या त्या अळीने डोकं फाडकन उडवून तिला झटकून दिलं. मीरा म्हणाली, काही जातींत असं होतं खरं, अळी ह्यांची राखण करते, ते तिच्याकडून कसं करवून घेतात ह्यावर अजून शोध चालू आहे. शेवंतीने त्या दिवशी अळीसमोर ताजं पान ठेवलं. ती खाणार नाही हे माहीत होतं, तरी ठेवलं. दुसऱ्या दिवशी अळी हलली नाही. शेवंतीला वाईट वाटलं, पण आता तिने ते श्रुतीशी जोडलं नाही.

मग एका दुपारी कोषांच्या टोकांना हालचाल दिसली. आतून कुणीतरी गोल कातरत आणलं आणि डब्याचं झाकण उघडावं तसं टोपण मागे पडलं. आधी दोन लांब मिशा. मग काळं डोकं. मग अख्खी माशी, नाजूक, काचेच्या पंखांची, तिळाहून थोडी मोठी. तिने मिशा पुसल्या, पंख झटकले. शेजारचं टोपण उघडलं. त्याच्या शेजारचं. बघता बघता बरणीभर माश्या!

"आई, बघ, बघ, ती अडकली!" श्रुतिका ओरडत होती.

"अडकली नाही गं, दम खातेय. घाई करू नये. आपोआप येते. हां, बघ, खांदा सुटला! सुटला!"

"झकास!" दशरथ म्हणाला. त्याचा टीव्हीवरचा सामना तिकडे एकटाच चालला होता.

बरणी घेऊन सगळी वरात टाकीमागे गेली. शेवंतीने फडकं सोडलं आणि अळवाच्या वाफ्यावर बरणी आडवी धरली. मीरा म्हणाली, ह्यांतल्या माद्या आता कोवळ्या अळ्या शोधतील. शेवंतीने बघितलं तर खरंच एक माशी पानाच्या काठावर मिशांनी चाचपत, थांबत, पुन्हा चाचपत निघाली होती.

"म्हणजे आता मी चिमटा घेऊन फिरायला नको?"

"काही अळ्या तरी ह्या बघून घेतील."

"आणि जीव मारल्याचं पाप त्यांच्या माथी," दशरथ खूष झाला.

डोहाळजेवणाला फदफदं झालं. पानं भोकाभोकांची होती, पण फदफद्यात भोकं दिसत नाहीत. श्रुतिका दोनदा मागून जेवली. ओटी भरायला आलेल्या बायकांना शेवंतीने पंक्तीतच माशीची सगळी गोष्ट सांगितली, टोचण्यापासून टोपणापर्यंत, हातवारे करून. शकुने अर्ध्यात ताट बाजूला सारलं आणि पूर्ण ऐकून मगच पुन्हा ओढून घेतलं.

पुढच्या तपासणीला शेवंती श्रुतिकाबरोबर हॉस्पिटलात गेली. हर्षदही ऑफिसातून परस्पर आला होता. एका तरुण नर्सने विचारलं, "बाळंतपणाच्या वेळी आत कोण येणार?" हर्षद बुटांकडे बघायला लागला.

"मी," शेवंती म्हणाली.

"आजी, घाबरणार नाही ना? आत नातेवाईक फार घाबरतात, मग आम्हाला त्यांनाच सांभाळावं लागतं."

"घाबरणार तर आहेच मी," शेवंती म्हणाली. "बाहेर बाकावर बसून घाबरायचं ते आत उभी राहून घाबरेन. तोंडावर दिसलं तर दिसलं. माझी लेक आहे."

नर्सने श्रुतिकाकडे पाहिलं.

"हीच येणार," श्रुतिका म्हणाली. "आणि जरा लांब उभ्या राहा हं सिस्टर. ही फार मोठ्याने ओरडते."